प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या सवयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःची कामं चोख उरकणारा माणूस टीम लीड झाला की त्याला पडणारे प्रश्न साधारण सारखेच असतात. परत परत विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. माझं स्वतःचं काम कधी रेंगाळत नाही. यादी करतो, वेळ पाळतो. तरी माझा प्रोजेक्ट उशिरा का होतो?

कारण यादी तुमची एकट्याची आहे आणि प्रोजेक्ट दहा जणांचा. एकट्याच्या कामात वेळ जातो तो काम करण्यात. प्रोजेक्टमध्ये बराचसा वेळ जातो तो वाट बघण्यात: कुणाच्या मंजुरीची, कुणाच्या उत्तराची, आधीचा टप्पा संपण्याची.

समजा, तुमच्या यादीत ‘डिझाइन तपासणे’ अशी एक ओळ आहे. ती तुम्ही गुरुवारी ठरवली, गुरुवारीच अर्ध्या तासात उरकली. शिस्तीत काही खोट नाही. पण ते डिझाइन सोमवारी दुपारीच तुमच्याकडे आलं होतं, आणि त्यावर पुढचं काम करणारे दोघे तेव्हापासून हाताला लागेल ते करत बसले होते. तुमच्या वहीत अर्धा तास खर्ची पडला, प्रोजेक्टच्या वहीत तीन दिवस.

म्हणून पुढे प्रत्येक सवयीला मी एकच कसोटी लावली आहे: हिच्यामुळे माझ्यासाठी थांबलेली माणसं कमी होतात की वाढतात?

२. मग सुरुवात कुठल्या सवयीने करू? एकच सांगा.

सकाळी स्वतःची यादी उघडण्याआधी दुसरी एक यादी करा: आज माझ्यामुळे कोण अडलं आहे? कामं लिहू नका, माणसांची नावं लिहा. नाव समोर दिसलं की टाळाटाळ करणं जरा जड जातं.

मी ही यादी पहिल्यांदा केली तेव्हा तीन-चार नावं निघतील असं वाटलं होतं. नऊ निघाली. त्यातल्या सहा जणांना माझ्याकडून फक्त ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच हवं होतं. एक जण तर फाइलींना नावं कुठल्या पद्धतीने द्यायची या एका प्रश्नापायी आठ दिवस थांबला होता. ‘तुम्ही गडबडीत दिसलात, म्हणून विचारलं नाही,’ म्हणाला. सहाही उत्तरं द्यायला वीस मिनिटं लागली. त्या दिवशी मी ठरवलेलं मोठं काम राहून गेलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

३. ‘तातडीचं’ आणि ‘महत्त्वाचं’ असे चार चौकोन करून कामं वाटायची पद्धत प्रोजेक्टला लागू पडते का?

पडते, पण ‘महत्त्वाचं’ कशाला म्हणायचं हे बदलतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात हा तातडीचा आणि महत्त्वाचा भेद सांगितला होता, तोही एका माजी कॉलेज-अध्यक्षांचं म्हणणं म्हणून. चौकोन पाडले गेले ते पुढे. एकट्यापुरतं पाहिलं तर महत्त्वाचं काय, हे स्वतःच्या मनाला विचारून ठरतं. प्रोजेक्टमध्ये विचारायला वेळापत्रक असतं.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपाँ या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत आकाराला आली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी सर्वांत लांब साखळी, तो क्रिटिकल पाथ. तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं की शेवटची तारीखही एक दिवस लांबते. बाकीच्या कामांना थोडी सैल जागा असते, तिला फ्लोट म्हणतात.

आता चौकोन भरणं सोपं आहे. सहा दिवसांचा फ्लोट असलेलं काम कुणी कितीही आवाज चढवून मागितलं तरी ते आजचं नाही. आणि शून्य फ्लोटचं काम जिच्याकडे आहे ती सहकारी कोपऱ्यात शांत बसलेली असली, तरी पहिली चक्कर तिच्याकडे. आपण नेमकं उलट करतो. जो ओरडतो त्याच्याकडे धावतो आणि त्याला कामाला लागणं म्हणतो.

एक लक्षात ठेवा, ही साखळी बदलत राहते. महिन्याभरापूर्वीचा क्रिटिकल पाथ आजचा असेलच असं नाही. आठवड्यातून एकदा नव्याने पाहावा लागतो.

४. सकाळचे दोन तास फोन आणि चॅट बंद ठेवून सलग काम करायची मला सवय आहे. लीड झाल्यावर ती सोडावी लागेल का?

सोडू नका, जाहीर करा. तुम्ही साडेअकराला परत येणार हे माहीत असेल तर बहुतेक प्रश्न साडेअकरापर्यंत थांबू शकतात. कधी याल हेच माहीत नसेल तर माणसं एक तर पाच मिनिटांनी डोकावत राहतात, नाहीतर विचारायचं सोडूनच देतात. दुसरं जास्त महागात पडतं. खरोखर आग लागली तर कुणी कसं गाठायचं, तेही सांगून ठेवा.

याच अंगाने दुसरा प्रश्न येतो: मेल दिवसातून दोनदाच पाहावी का? एकट्याने काम करणाऱ्याला हे छान. लीडने केलं तर काय होतं बघा. सहकाऱ्याने अकराला विचारलं, तुम्ही पाचला वाचून एक उलटा प्रश्न विचारला, त्याने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, तुम्ही परत पाचला वाचलं. तीन वाक्यांचं बोलणं, त्यात दोन दिवस गेले. उपाय म्हणून दिवसभर मेलवर बसायची गरज नाही. मंजुऱ्या आणि अडलेल्या कामांना वेगळी वाट द्या, म्हणजे एक ठरलेला चॅट ग्रुप किंवा रोजची ठरलेली पंधरा मिनिटं. बाकी मेल खुशाल दोनदाच पाहा.

५. टीम म्हणते दोन दिवस, लागतात पाच. माणसं खोटं बोलतात का?

सहसा नाही. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. आपण अंदाज बांधतो तो सगळं सुरळीत पार पडल्याच्या चित्रावरून. मागच्या वेळी तसंच काम रखडलं होतं, हे माहीत असूनही हिशोबात घेत नाही. वैयक्तिक आयुष्यात ही चूक लपून जाते, कारण रात्री तास-दोन तास जास्त बसून आपण भरपाई करतो. टीमच्या रात्री तुमच्या मालकीच्या नाहीत.

‘किती लागतील?’ याऐवजी ‘मागच्या वेळी असंच काम केलंत, तेव्हा किती लागले होते?’ असं विचारा. जुनी नोंद नसेल तर तीन आकडे मागा: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळंच फिसकटलं तर. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमात १९५८ साली जी पर्ट पद्धत आली, तिच्यात मधल्या आकड्याला चारपट वजन देऊन, तिन्हींची बेरीज करून सहाने भागतात. तीन, पाच आणि तेरा दिवस असे आकडे आले, तर तीन अधिक वीस अधिक तेरा म्हणजे छत्तीस, भागिले सहा म्हणजे सहा दिवस. सूत्रापेक्षा मला तो तिसरा आकडा मोलाचा वाटतो. ‘तेरा का?’ असं विचारलं की पोटातली खरी भीती ओठांवर येते.

६. मग प्रत्येक कामाला थोडा बफर, म्हणजे राखीव जास्तीचा वेळ, मीच गुपचूप ठेवून दिला तर?

दोन महिने चालेल. मग टीमला कळेल की तुमची तारीख खरी तारीख नसते, आणि प्रत्येक जण तुमच्या तारखेत स्वतःचा अंदाज मिसळायला लागेल. शिवाय नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये विनोदाने लिहिलेली गोष्ट सगळ्यांच्या अनुभवाची आहे: जेवढा वेळ द्याल तेवढं काम पसरतं. बफर ठेवा, पण शेवटी एकाच ठिकाणी, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्यातला दिवस कुणाला का दिला हे लिहून.

७. ‘नव्वद टक्के झालंय’ हे तीन आठवडे ऐकतोय. काय करू?

टक्के विचारणं बंद करा. परवाचाच एक संवाद घ्या, थोडाफार असाच सगळीकडे घडतो:

‘रिपोर्ट कुठवर आला?’
‘झालाच आहे. थोडं राहिलंय.’
‘थोडं म्हणजे काय काय?’
‘आकडे जुळवायचेत. म्हणजे… एका विभागाची माहितीच आलेली नाही अजून.’
‘मागितली कधी?’
‘मागायचीय.’

शेवटच्या शब्दापर्यंत पोचायला तीन प्रश्न लागले, आणि तिथे नव्वद टक्क्यांचा खरा अर्थ उघडा पडला. म्हणून काम देतानाच ‘झालं’ म्हणजे काय हे दोघांनी मिळून एका ओळीत लिहा: ‘रिपोर्ट तपासून क्लायंटला गेला.’ मग मधली उत्तरं दोनच उरतात, झालं किंवा नाही झालं. काम मोठं असेल तर दोन-तीन दिवसांत संपतील असे तुकडे पाडा. आणि ‘नाही झालं’ म्हणणाऱ्यावर पहिल्याच वेळी तडकू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून पुन्हा नव्वद टक्के सुरू.

८. ‘नाही म्हणायला शिका’ असं सगळे सांगतात. समोर वरिष्ठ किंवा क्लायंट असला तर कसं म्हणायचं?

भीड भिकेची बहीण, हे खरं. पण इथे भिडेपोटी भीक मागायची वेळ येते ती टीमवर. तुम्ही मीटिंगमध्ये ‘बघतो, करून घेऊ’ म्हणता, आणि तो शब्द पाळायला शनिवारी दुसरंच कुणी बसतं.

तोंडावर नकार देण्यापेक्षा अदलाबदल समोर ठेवा. ‘हे घेता येईल. त्यासाठी चौदा तारखेचं ते मागे जाईल, किंवा शेवटची तारीख चार दिवसांनी पुढे जाईल. दोन्हींपैकी काय चालेल?’ निर्णय समोरच्याचा, किंमत त्याच्या डोळ्यांसमोर. हे जमायला चौदा तारखेला काय आहे ते तुम्हाला तोंडपाठ हवं. मला सुरुवातीला तेच नसायचं, म्हणून मी ‘बघतो’ म्हणत असे.

ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवा. तोंडी अदलाबदलीतला मिळालेला भाग लोकांच्या लक्षात राहतो, सोडलेला राहत नाही.

९. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, अडचणी मात्र महिन्याने कळतात. ऐकून घ्यायची सवय लावलीय, पण कुणी बोलतच नाही.

‘काही शंका?’ या प्रश्नावर गप्प बसणं सगळ्यांत सोपं असतं. शंका काढणारा नकारघंटा वाजवणारा ठरतो. गॅरी क्लाइन यांनी २००७ साली लोकांसमोर मांडलेली प्री-मॉर्टेमची युक्ती इथे उपयोगी पडते. काम सुरू होण्याआधी टीमला सांगा: सहा महिने उलटलेत, प्रोजेक्ट पार फसलाय. का फसला ते प्रत्येकाने पाच मिनिटांत लिहा. फसलाच आहे असं गृहीत धरल्यावर कारण सांगणारा दोषी वाटत नाही, उलट हुशार वाटतो.

दोन पथ्यं. आधी सगळ्यांनी लिहायचं, मग बोलायचं. आणि लीडने सर्वांत शेवटी बोलायचं. तुम्ही पहिलं कारण सांगितलंत की बाकीच्यांची कारणं त्याच्या आसपासच फिरतात.

१०. काम सोपवलं की बिघडतं आणि परत माझ्याकडेच येतं. मीच केलेलं काय वाईट?

या आठवड्यापुरतं काहीच वाईट नाही. पण बऱ्याचदा आपण काम सोपवतो आणि निर्णय स्वतःकडे ठेवतो. मग माणूस दर दोन तासांनी विचारायला येतो आणि आपण म्हणतो, याला काही जमत नाही. सोपवताना तीन गोष्टी बोला: काय हवंय, कुठल्या मर्यादेपर्यंत त्याने न विचारता ठरवायचं, आणि मधे कधी भेटायचं. मधली भेट कामाच्या पहिल्या पाव भागातच ठेवा. तेव्हा दिशा चुकलेली दिसली तर अर्धा दिवस वाया जातो, शेवटी दिसली तर सगळंच.

११. माझ्याकडे एकाच वेळी चार प्रोजेक्ट आहेत. वेळेचे तुकडे सारखे वाटून द्यावेत का?

सारखे वाटलेत तर चारही सारखेच रखडतील. एक ना धड, भाराभर चिंध्या. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: हातात असलेल्या कामांच्या संख्येला पूर्ण होण्याच्या वेगाने भागलं की एका कामाला सरासरी किती वेळ लागतो ते मिळतं. बारा कामं सुरू आहेत आणि आठवड्याला तीन संपतात, तर प्रत्येक काम सरासरी चार आठवडे घेणार. वेग तोच ठेवून हातात सहाच ठेवलीत, तर दोन आठवडे. कुणी जास्त राबलं नाही, फक्त नवीन काम उघडायची घाई आवरली.

व्यवहारात बोलायचं तर, एखादं काम संपवूनच दुसरं उघडायचं. आणि चारपैकी कुठल्या प्रोजेक्टला आधी वेळ द्यायचा हे प्रश्न ३ मधल्या साखळीवरून ठरवा. चार वेगवेगळे वरिष्ठ असतील तर त्यांच्यातला क्रम तुम्ही ठरवू नका. चौघांना एकाच मेलमध्ये घेऊन विचारा.

१२. उशीर झालाय. वरून आणखी माणसं देतो म्हणतात. घेऊ का?

खोगीरभरती ठरणार नाही याची खात्री असेल तरच. उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो, असं फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. बोलणंही वाढतं: पाच जणांत आपसातल्या जोड्या दहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस.

अपवाद आहेत. काम सुटं करता येत असेल (भाषांतर, चाचणी, जुनी माहिती भरणं), येणारा माणूस आधीपासून माहितगार असेल, किंवा पुरेसा वेळ शिल्लक असेल तर घ्या. नाहीतर माणसांऐवजी स्कोप, म्हणजे कामाचा आवाका, कमी करून मागा. तो संवाद प्रश्न ८ सारखाच.

१३. मी नावाचीच लीड. पगार, बढती, रजा सगळं दुसऱ्याच्या हातात. माणसं माझं का ऐकतील?

ऐकणार नाहीत असं धरून चला आणि दिलेला शब्द पाळायला लागा. ‘उद्या चारपर्यंत क्लायंटकडून उत्तर आणते’ म्हणालात तर चारला उत्तर द्या, किंवा ‘आलं नाही, सहाला परत विचारते’ असं स्वतःहून कळवा. असं पाच-सात वेळा झालं की तुमच्या तारखेलाही किंमत येते. अधिकार नसलेल्या लीडकडे दुसरं भांडवल नसतं. तरीही एखादा मुद्दाम अडवत असेल तर तो सवयींचा प्रश्न नाही. त्याच्या वरिष्ठाकडे जावंच लागतं, आधी त्याला सांगून.

१४. एकवीस दिवसांत सवय लागते ना?

नव्याचे नऊ दिवस लागतात हे नक्की! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ इतका फरक. टीमच्या सवयींवर हे आकडे चिकटवू नका. पण एकदम पाच सवयी लावू नयेत, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

१५. टीममधला सगळ्यांत हुशार माणूस अगदी अव्यवस्थित आहे. त्याला माझ्या सवयी लावू का?

त्याच्या टेबलापर्यंत जाऊ नका. यादी करतो की डोक्यात ठेवतो, सकाळी काम करतो की रात्री, हा त्याचा प्रश्न. जिथे त्याचं काम दुसऱ्याच्या हातात जातं त्या जागेचा आग्रह मात्र धरा: कधी देणार, कुठे ठेवणार, अडलं तर कुणाला सांगणार. एवढं पाळलं तर बाकी पसारा त्याला लखलाभ.

हेच उलट तुम्हालाही लागू. तुम्हाला रात्री साडेअकराला सुचत असेल तर लिहा, पण पाठवा सकाळी. ‘आत्ता उत्तर नकोय’ असं लिहून लीडची मेल रात्री गेली, तरी कुणीतरी उठून उत्तर देतंच.

१६. सगळं नीट चाललंय, पण प्रोजेक्टचीच आता गरज उरलेली नाही असं वाटतं. चिकाटी ही चांगली सवय ना?

स्वतःच्या कामात बहुतेक वेळा हो. इथे नेहमीच नाही. आतापर्यंत किती पैसे आणि महिने घातले हा प्रश्न बाजूला ठेवा, ते परत येणार नाहीत. विचार एवढाच: आज शून्यापासून सुरू करायचं असतं तर उरलेला खर्च करून आपण हे केलं असतं का?

उत्तर ‘नाही’ आलं तर थांबवायचा निर्णय तुमचा नसतो, पण प्रश्न वर नेणं तुमचं काम असतं. उरलेला खर्च, उरलेले महिने, त्यातून काय मिळेल आणि आत्ता थांबलो तर काय वाचेल, एवढं एका पानावर लिहून न्या. टीमला आधी कुजबुजून सांगू नका. निर्णय उलटा लागला तर मोडलेल्या मनाने त्यांनाच तो पूर्ण करायचा असतो.

१७. मी आठ दिवस रजेवर गेले की सगळं थांबतं. जावं की नाही?

जावं, आणि लॅपटॉप घरी ठेवून जावं. जायच्या आठवडाभर आधी प्रश्न २ मधली यादी पुढच्या आठ दिवसांसाठी करा: मी नसताना कोण कोण अडेल? प्रत्येक नावापुढे ठरवणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव लिहा आणि दोघांनाही सांगा. ‘अगदीच गरज पडली तर फोन करा’ म्हणू नका. अगदीच म्हणजे किती, हे कुणालाच कळत नाही. कुठल्या दोन गोष्टींसाठी फोन करायचा, ते सांगा.

परत आल्यावर मेल उघडण्याआधी एकेकाकडे जाऊन विचारा, ‘मी नसताना कुठे अडलं?’ उत्तरं लिहून घ्या, कारणं देऊ नका. ज्या गोष्टी तुमच्याविना बऱ्या झाल्या त्या परत मागून घ्यायच्या नाहीत. ज्या अडल्या, त्या पुढच्या रजेआधी कुणाला शिकवायच्या ते त्याच कागदावर लिहा.